आरसी विमानाचे जुने लायपो पॅक: कुठला उडवायचा, कुठला बाजूला काढायचा?

पतंगवारा

मंडळी, १.४ मीटर पंखविस्ताराचं ट्रेनर आहे, म्हणजे रिमोटवर उडणारं शिकाऊ विमान. इएससी (मोटरचा वेग नियंत्रक) ३० अँपिअरचा. विमान जमिनीवर धरून पूर्ण थ्रॉटल दिला की वॉटमीटर २२ अँपिअर दाखवतो. त्यासाठी ३ एस (तीन सेल एका रांगेत) २२०० एमएएचचे चार लायपो (लिथियम पॉलिमर) पॅक आहेत. चारही पॅकवर ३० सी (क्षमतेच्या किती पट करंट देईल त्याचं रेटिंग) छापलंय, पण वय वेगवेगळं आहे आणि त्यातले दोन वापरलेले घेतलेत. चार्जर नेहमीचा, ५० वॉट चार्ज आणि ५ वॉट डिस्चार्जवाला. प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध तो दाखवतो. शिवाय साधा मल्टिमीटर आणि बॅलन्स प्लगला (प्रत्येक सेलला वेगळी वायर असलेला बारीक प्लग) लावायचा बझर आहे, सेल ठरावीक व्होल्टेजखाली गेला की तो वाजतो.

चार्जरवरचे आकडे, सेल १, २, ३ या क्रमाने:

पॅक क: ७, ६, ७ मिलीओहम. पूर्ण चार्जनंतर तिन्ही सेल ४.२० व्होल्ट.

पॅक ख: ९, १९, १० मिलीओहम. चार्जनंतर ४.२०, ४.१९, ४.२०.

पॅक ग: १४, १५, १४ मिलीओहम. थोडा फुगलाय, दाबला तर उशीसारखा लागतो. रिकामा करून चार्ज केला तेव्हा १९८० एमएएच घेतले.

पॅक घ: ८, ८, ९ मिलीओहम. कपाटातून काढला तेव्हा दोन सेल ३.८४ आणि तिसरा ३.६२ होता. बॅलन्स चार्जनंतर तिन्ही सारखे झाले. चार्जरवर डिस्चार्ज करून बघितला तर साडेचार तासांनी २०५० एमएएच मिळाले.

प्रश्न असा की एमएएच बघितले तर ग आणि घ दोन्ही चांगले दिसतात, रोध बघितला तर वेगळंच चित्र दिसतं. नक्की कशावर विश्वास ठेवायचा? दुसरं म्हणजे ग्लो इंजिनाच्या (इंधनावर चालणाऱ्या) विमानात रिसीव्हरसाठी (रिमोटचे संकेत घेणारा भाग) ४.८ व्होल्ट २००० एमएएचचा निकेल मेटल हायड्राइड पॅक आहे. चार्जरने त्यात २६०० एमएएच भरले. म्हणजे तो उत्तम आहे असं धरू का?

तांब्याची_तार

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. चार्जरने साडेचार तासांत मोजलेले २०५० एमएएच हे अर्ध्या अँपिअरपेक्षा कमी करंटला मोजलेले आहेत. ५ वॉटला ११.१ ने भागलं की ०.४५ अँपिअर येतात. तुमचं विमान २२ मागतं, म्हणजे जवळजवळ पन्नासपट. ०.४५ अँपिअरला म्हातारा सेलही आपलं सगळं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत देतो. त्यामुळे पॅकमध्ये किती आहे ते कळतं, पण मागाल तेवढ्या वेगाने तो ते देईल का हे कळत नाही. विमानासाठी दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

मापायच्या आधी पॅक हातात घेऊन नीट बघा. कोपरे चेपलेत का, बॅलन्स वायर प्लगच्या तोंडाशी सोललीय का, नेलपॉलिशसारखा गोडसर वास येतोय का. वास आला तर तो सेल फुटलाय. पुढची कुठलीही चाचणी करू नका. मग एक्सटी६० च्या (पॅकचा मुख्य प्लग) आतल्या सोनेरी पिना बघा. प्लास्टिक तपकिरी झालं असेल किंवा प्लग सैल बसत असेल तर आधी तो बदला. तसं न करता मापलंत तर कनेक्टरचा दोष सेलच्या माथी माराल. कनेक्टर बदलताना एका वेळी एकच वायर कापायची आणि तिला टेप लावूनच दुसरीला हात घालायचा. कात्रीने दोन्ही एकदम कापल्या की तिथेच शॉर्ट.

रोध मापताना तापमान सारखं ठेवा. हिवाळ्यात सकाळी १२-१३ अंशांना मापलेला रोध दुपारी २८ अंशांना मापलेल्यापेक्षा दीडपट ते दुप्पट येतो. पॅकमध्ये काही बिघडलेलं नसतं. आतल्या द्रवातून आयन हळू सरकत असतात, एवढंच. पॅक खोलीत तासभर ठेवून २५ ते ३० अंशांना मापा आणि आकड्याशेजारी तापमान लिहा. पॅक रिकामा होत आला की रोध चढतो, म्हणून दर वेळी चार्ज झाल्यावरच मापा. दुसऱ्या चार्जरवरच्या आकड्याशी तुलना करू नका. हे चार्जर करंटचा छोटा झटका देऊन रोध काढतात, हातात धरायचे रोधमापक १ किलोहर्ट्झच्या एसीवर मापतात आणि त्यांचा आकडा बराच कमी येतो. आपल्याला बघायचंय ते एकाच चार्जरवर, एकाच पॅकमधले तीन सेल एकमेकांच्या तुलनेत कसे आहेत आणि सहा महिन्यांत त्यांचा आकडा किती वाढला.

आता तुमचे आकडे करंटने गुणू. क मधला ७ मिलीओहमचा सेल २२ अँपिअरला ०.१५ व्होल्ट बसतो, म्हणजे तेवढा खाली उतरतो. ख मधला १९ मिलीओहमचा ०.४२ व्होल्ट बसतो. उड्डाणाच्या उत्तरार्धात भार नसताना ३.७० असलेला सेल थ्रॉटल देताच ३.२८ ला जाणार, शेजारचे दोन मात्र ३.५० च्या आसपास राहणार. उष्णतेचा हिशेब करंटच्या वर्गाने होतो: ७ मिलीओहमला सेलमध्ये ३.४ वॉट, १९ ला ९.२ वॉट. तो मधला सेल आहे, दोन्ही बाजूंनी झाकलेला, वारा लागत नाही. तो तापतो, तापून आणखी खराब होतो, रोध आणखी वाढतो.

इएससीचा कटऑफ (ठरावीक व्होल्टेजला मोटर बंद करणं) यातून वाचवत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. बहुतेक इएससींना बॅलन्स वायर नसते, ते फक्त एकूण व्होल्टेज बघतात. कटऑफ ९.६ ला असेल तर ३.४ + ३.४ + २.८ ची बेरीजही ९.६ च होते. इएससीच्या लेखी सगळं ठीक असतं आणि एक सेल मरत असतो.

३० सी चं काय? २.२ गुणिले ३० म्हणजे ६६ अँपिअर. तुमचा सगळ्यात चांगला पॅक क, त्याच्या ७ मिलीओहमच्या सेलमध्ये ६६ अँपिअरला ३० वॉट उष्णता होईल, पूर्ण पॅकमध्ये ९० च्या आसपास. हाताएवढ्या पॅकमध्ये ९० वॉट! तेव्हा सी रेटिंग खरेदीपुरतं बघा, विमानात बसवताना मोजलेला रोध बघा.

खरी चाचणी भाराखाली होते आणि तिला महागडं काही लागत नाही. गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्टचा एच४ बल्ब आणा, ६०/५५ वॉटचा. एक फिलामेंट साधारण साडेचार अँपिअर घेतो, दोन्ही मिळून ९ च्या वर. सामाईक पिन ओळखायची पद्धत: तीन पिनांच्या तीन जोड्यांमध्ये रोध मापा. ज्या दोघींमध्ये सगळ्यात जास्त येईल त्या दोन फिलामेंटच्या, उरलेली सामाईक. वायर २.५ चौरस मिलिमीटरची, एक फूटभर. बल्ब फरशीच्या तुकड्यावर किंवा विटेवर ठेवा, काचेला बोट लावू नका. दोन्ही फिलामेंट एकदम दहा-पंधरा मिनिटं पेटले की प्लास्टिकचा होल्डर वितळतो, म्हणून सिरॅमिकचा होल्डर घ्या किंवा पिनांना सरळ लग लावा. होल्डर मिळाला नाही तर २१ वॉटचे पाच इंडिकेटर बल्ब समांतर जोडा, तोच भार जास्त पसरून मिळतो. थंड फिलामेंटचा रोध फारच कमी असतो, त्यामुळे जोडताना क्षणभर कितीतरी पट करंट जातो आणि एक्सटी६० मध्ये ठिणगी उडते. मध्ये स्विच किंवा गाडीचा २० अँपिअरचा फ्यूज असलेला बरा.

पॅक पूर्ण चार्ज, तासभर विसावा, मग एक फिलामेंट. दहा सेकंदांनी बॅलन्स प्लगवर तिन्ही सेलचं व्होल्टेज लिहा. दुसरा फिलामेंट जोडा, पुन्हा दहा सेकंदांनी लिहा. दोन व्होल्टेजमधला फरक भागिले दोन करंटमधला फरक, हा त्या सेलचा रोध. सेल ३.९८ वरून ३.९३ झाला आणि करंट ४.६ वरून ९.२ झाला तर ०.०५ भागिले ४.६, म्हणजे ११ मिलीओहम. बॅलन्स वायरीतून भाराचा करंट वाहत नाही, त्यामुळे तिच्या बारीकपणाने काही बिघडत नाही.

एक अडचण मात्र आहे. साडेतीन आकडी स्वस्त मल्टिमीटर २० व्होल्टच्या रेंजवर १० मिलीव्होल्टच्या पायऱ्या दाखवतो. १० मिलीव्होल्ट भागिले ४.६ म्हणजे २ मिलीओहमहून जास्त संदिग्धता. ६००० काउंटचा मीटर ६ व्होल्टपर्यंत १ मिलीव्होल्ट दाखवतो, या कामाला तोच घ्या.

भाराखाली असतानाच एक्सटी६० च्या एका बाजूच्या झाळीपासून दुसऱ्या बाजूच्या झाळीपर्यंत मिलीव्होल्टमध्ये मापून टाका. ९ अँपिअरला १० मिलीव्होल्टच्या आत हवं. ४०-५० आलं तर झाळ नीट धरलेली नाही किंवा पिन सैल आहे.

रनवे_३२

वरच्या पद्धतीशी सहमत, पण नव्याने करणाऱ्याने बल्ब जोडून आत चहा घ्यायला जाऊ नये हे ठळक लिहायला हवं. चार्जर ठरलेल्या व्होल्टेजला थांबतो, बल्ब थांबत नाही. ९ अँपिअरला २२०० चा पॅक चौदा मिनिटांत तळाला जातो आणि शेवटची दोन मिनिटं व्होल्टेज कड्यावरून पडल्यासारखं पडतं. बझर ३.३० वर लावून बॅलन्स प्लगमध्ये बसवा आणि पहिला आवाज आला की बल्ब काढा. ३.० पर्यंत ताणायची गरज नाही, ३.३ च्या खाली उरलेला साठा नगण्य असतो.

बझरचाच आकडा किती खरा ते आधी बघा. स्वस्त बझर १०-२० मिलीव्होल्ट इकडेतिकडे असतात. मल्टिमीटरचंही तसंच: त्याची ९ व्होल्टची बॅटरी उतरली की तो व्होल्टेज जास्त दाखवायला लागतो, आणि ४.२३ बघून माणूस चार्जरला दोष देतो. मीटरमध्ये नवी बॅटरी टाकूनच तुलना करा. त्यानंतरही सेल ४.२३ च्या वर जात असेल तर तो चार्जर वापरू नका.

घ पॅकबद्दल: रोध चांगला, एमएएच चांगले, तरी कपाटात एकच सेल ३.६२ पर्यंत उतरला. हे स्वयंविसर्जनाचं (न वापरता आपोआप उतरण्याचं) लक्षण आहे आणि भाराच्या चाचणीत ते दिसतच नाही. त्यासाठी वेगळी परीक्षा लागते. तिन्ही सेल स्टोरेज मोडवर ३.८५ ला आणा, बॅलन्स प्लग काढा, दुसऱ्या दिवशी मिलीव्होल्टपर्यंत व्होल्टेज लिहा. पहिल्या दिवसाचं लिहू नका, चार्जनंतर व्होल्टेज काही तास स्थिरावत असतं. दोन आठवडे थंड जागी ठेवा आणि पुन्हा मापा. तिन्ही सेल सारखेच ५ मिलीव्होल्टपर्यंत उतरले तर चिंता नाही. एकटाच २०-३० ने खाली गेला तर आत गळती आहे.

ग फुगलाय ना? मिठाच्या पाण्यात टाकून द्या, विषय संपला.

तांब्याची_तार

बझरचा मुद्दा अगदी बरोबर. मिठाच्या पाण्याला मात्र माझा विरोध आहे. मीठपाण्यात आधी गंजतात त्या पॅकच्या टॅब (सेलच्या टोकांच्या धातूच्या पट्ट्या) आणि बॅलन्स वायरी, कारण करंट तिथूनच वाहत असतो. टॅब झिजून तुटली की विसर्जन थांबतं आणि सेल आत भरलेलाच राहतो. बाहेरून मापलं तर शून्य, आतून जिवंत. असा पॅक कचऱ्यात दाबला गेला तर पेटू शकतो.

मोडीत काढायचा पॅक उघड्यावर, सिमेंटच्या जमिनीवर ठेवून २१ वॉटच्या बल्बला जोडा. बल्ब विझला तरी काढू नका, दोन दिवस तसाच राहू द्या. प्रत्येक सेल ०.१ व्होल्टच्या खाली आला की प्लग कापा, दोन्ही वायरी एकत्र पिळा, टेप लावा आणि ई-कचरा संकलनात द्या. ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे विकणाऱ्या दुकानात विचारायला काहीच हरकत नाही.

जुना_ग्लो

लायपोवर पुरेसं आलंय, मी रिसीव्हर पॅकचं बोलतो, कारण इलेक्ट्रिक विमानात पॅक बसला (व्होल्टेज कोसळलं) तर मोटर बंद होते आणि विमान तरंगत उतरवता येतं. ग्लो विमानात रिसीव्हर पॅक बसला तर इंजिन जोरात चालू राहतं आणि ताबा जातो. या पॅकची तपासणी दुप्पट काळजीने करायची.

२६०० एमएएच भरले म्हणून पॅक उत्तम, असं अजिबात नाही. निकेल मेटल हायड्राइड भरताना बराच करंट उष्णतेत आणि आतल्या वायूच्या चक्रात जातो; २००० च्या पॅकला २४००-२६०० लागणं नेहमीचंच आहे. डेल्टा पीक (पॅक भरल्यावर व्होल्टेज किंचित उतरतं, ते ओळखून चार्जर थांबतो) चुकला तर चांगल्या-वाईट कुठल्याही पॅकमध्ये ३००० सुद्धा जातील. लायपोमध्ये भरलेलं आणि निघालेलं जवळपास सारखं असतं म्हणून तिथे चार्जचा आकडा चालतो. इथे फक्त डिस्चार्जचा आकडा बघायचा.

पहिलं चार्जिंग हळू करा: २०० मिलीअँपिअर, १४ ते १६ तास. मागे पडलेला सेल यात बाकीच्यांना गाठतो. मग चार्जरवर ०.५ अँपिअर डिस्चार्ज लावा, थांबायचं व्होल्टेज ४.० म्हणजे प्रति सेल १.०. इथे ५ वॉटची मर्यादा आड येत नाही, अडीच वॉटच लागतात. चार तासांच्या आसपास चाललं पाहिजे. १६०० च्या खाली आलं तर आणखी दोन वेळा चार्ज-डिस्चार्ज करा. बरेच महिने पडून राहिलेला पॅक दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत वर येतो. तिसऱ्या फेरीतही आला नाही तर तो ट्रान्समीटरलाही नको.

डेल्टा पीकसाठी करंट पुरेसा हवा. २००० एमएएचला ४०० मिलीअँपिअर लावले तर शेवटचा व्होल्टेजचा उतार इतका सौम्य असतो की चार्जरला तो दिसत नाही आणि पॅक भाजत राहतो. १ अँपिअर लावा, संवेदनशीलता प्रति सेल ४-५ मिलीव्होल्ट. संपता संपता पॅक कोमट व्हावा, चटका बसू नये. खूप दिवस पडून राहिलेल्या पॅकमध्ये चार्जिंग सुरू होताच व्होल्टेज एकदा डगमगतं आणि चार्जर पाच मिनिटांत 'पूर्ण' म्हणून थांबतो. ते खरं धरू नका, पुन्हा सुरू करा.

भाराची चाचणी ४.७ ओहम १० वॉटच्या सिरॅमिक रेझिस्टरने होते, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात पांढऱ्या चौकोनी ठोकळ्याच्या रूपात मिळतो. एक रेझिस्टर साधारण १ अँपिअर, दोन समांतर म्हणजे २. चार साध्या सर्वोंचं (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटर) विमान जोरात फिरवताना क्षणभर तेवढं घेतंच, डिजिटल सर्वो असतील तर त्याहून जास्त. पूर्ण भरलेला, दहा मिनिटं विसावलेला पॅक २ अँपिअरला ४.८ च्या वर राहिला पाहिजे. १००० एमएएच काढल्यावर ४.६ च्या वर. २.४ गिगाहर्ट्झचे रिसीव्हर साडेतीन व्होल्टच्या आसपास बंद पडतात. ४.६ आणि ३.५ मधलं अंतर मोठं वाटेल, पण सर्वो अडकला की ते एका क्षणात संपतं.

हे मापन पॅकच्या वायरीवर करू नका. स्विचच्या पुढे, रिसीव्हरमध्ये जाणाऱ्या प्लगवर करा. विमानाला सगळा दगा तिथेच मिळतो. पॅकवर ४.९ आणि रिसीव्हरवर ४.५ असेल तर स्विचचे संपर्क झिजलेत. नसतील तर काळी वायर बघा, म्हणजे ऋण टोकाची. निकेल पॅकमध्ये सेलमधला क्षार या वायरीतून चढत जातो आणि आतलं तांबं काळं पडतं. वरचं इन्सुलेशन अगदी नव्यासारखं दिसतं. पॅकपासून दोन इंचांवर वायर सोलून बघा. तांबं काळं असेल आणि झाळ धरत नसेल तर पूर्ण वायर, स्विचसकट बदला. नुसतं टोक कापून भागत नाही.

एक सेल कमजोर असला तर काय होतं तेही सांगतो. चार सेल एका रांगेत, एकच करंट सगळ्यांतून. कमजोर सेल आधी रिकामा होतो, बाकीचे तीन करंट ढकलतच राहतात, तो सेल उलटा चार्ज होतो आणि कायमचा जातो. म्हणून डिस्चार्जच्या शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येक सेल वेगळा मापा. श्रिंकमध्ये (पॅकवरचं प्लास्टिकचं आवरण) जोडपट्टीवर ब्लेडने मीटरची सुई जाईल एवढी खिडकी कापा, काम झाल्यावर टेप लावा. तिघं १.१५ आणि एक ०.९५ असेल तर पॅक बाद, एमएएच काहीही येवोत.

सेल बदलणार असाल तर कमी स्वयंविसर्जनवाले घ्या, एनेलूप जातीचे. टॅब लावलेलेच घ्या, सेलवर थेट झाळू नका, आतलं सील वितळतं.

लायफेकडे (लिथियम आयर्न फॉस्फेट) वळायचा विचार असेल तर २ एस, ६.६ व्होल्ट. तिथे व्होल्टेज बघून साठा ओळखायचा नाद सोडा: भरलेला आणि पाऊण रिकामा सेल दोन्ही ३.२-३.३ दाखवतात. परत भरलेले एमएएच हाच एक हिशेब. आणि सर्वोंवर ६.० ची मर्यादा लिहिलेली असेल तर आधी ते बदला.

पतंगवारा

खूप उपयोगी. बल्बची चाचणी केली, तापमान २७ अंश, ६००० काउंटचा मीटर. दोन्ही फिलामेंट, ९.२ अँपिअर, १००० एमएएच काढल्यावरचे आकडे:

क: ३.७५, ३.७६, ३.७५.
ख: ३.७२, ३.५८, ३.७१. बल्ब काढून पाच मिनिटांनी तिन्ही ३.८२ च्या जवळ.
घ: ३.७४, ३.७४, ३.७३.

ग ला हात लावला नाही. ख च्या मधल्या सेलचा हिशेब केला तर २६ मिलीओहम येतो, चार्जर १९ म्हणतो. कुठला धरू?

रिसीव्हर पॅक: ०.५ अँपिअरला पहिल्या फेरीत १४२०, तिसऱ्या फेरीत १७९० एमएएच. २ अँपिअरला पॅकवर ४.९१, स्विचच्या पुढे ४.५२. स्विच आखूड वायरीने ओलांडून मापलं तर ४.८६.

जुना_ग्लो

पॅक ठीक, स्विच बाद. ०.३४ व्होल्ट भागिले २, म्हणजे स्विचमध्येच १७० मिलीओहम. नवा घेताना जाड वायरचा घ्या, बसवायच्या आधी याच रेझिस्टरवर मापा. २ अँपिअरला स्विचसकट सगळ्या वायरीत मिळून ०.१ व्होल्टच्या आत जायला हवं. इंजिनाच्या धुराचं तेल स्विचमध्ये शिरतं, तेव्हा तो सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला बसवा.

तांब्याची_तार

विमानासाठी २६ धरा. चार्जरचा झटका क्षणभराचा असतो, त्यात फक्त तत्काळ घसरण दिसते. मिनिटभर भार राहिला की सेलच्या आतला आयनांचा प्रसार मागे पडतो आणि व्होल्टेज आणखी उतरतं. चढताना तुम्ही थ्रॉटल अर्धा-एक मिनिट धरता, म्हणजे तुमची परिस्थिती ही मिनिटभराच्या भाराची. २२ गुणिले ०.०२६ म्हणजे ०.५७ व्होल्ट. अर्धा पॅक शिल्लक असतानाच मधला सेल ३.२५ ला. ख विमानात नको. तो थर्मोकोल कापायच्या तापत्या तारेला लावा, ३-४ अँपिअरला अजून चालेल, पण बझर लावून आणि चार्ज नेहमी बॅलन्स मोडवरच.

ग चे आकडे सारखे आहेत म्हणून मोह होईल. २२ अँपिअरला त्यात सेलमागे ७ वॉट, पूर्ण पॅकमध्ये वीसच्या वर. पॅक फुगवणारा वायू आधीच तापल्यामुळे आणि जास्त उतरवल्यामुळे द्रव फुटून झालाय. फुगवट्यामुळे आतले थर सुटतात, भार उरलेल्या भागावर जातो, आणखी वायू होतो. शिवाय बॅटरीच्या कप्प्यात दाबून बसवलेला फुगीर पॅक उतरताना आदळला तर फुटायला जागाच उरत नाही. वर लिहिलंय तसा मोडीत काढा.

क उडवा. टायमर असा लावा की उतरल्यावर परत भरलेले एमएएच १७५० च्या पुढे जाऊ नयेत आणि दहा मिनिटांनी सेल ३.७३-३.७५ च्या खाली नसावेत. पॅक हातात धरवत नसेल इतका तापला तर प्रोपेलर एक इंचाने लहान करा. उतरल्यावर लगेच चार्ज लावू नका. मे महिन्यात बंद गाडीत तर पॅक ठेवूच नका, ४५ अंशांच्या वर चार्ज करणं म्हणजे त्याचं आयुष्य कापणं.

पतंगवारा

घ चे दोन आठवडे झाले. सुरुवातीला ३.८४९, ३.८५०, ३.८४८. आज ३.८४७, ३.८४८, ३.७९१.

रनवे_३२

तिसरा सेल ५७ मिलीव्होल्ट उतरला. या पट्ट्यात ते साठ्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढं आहे, म्हणजे चौदा दिवस सतत ०.६-०.७ मिलीअँपिअर कुठेतरी जात होते. निकाल द्यायच्या आधी एकच विचारतो: बझर किंवा व्होल्टेज चेकर प्लगमध्ये राहिला नव्हता ना? बझर स्वतःची वीज पॅकच्या सगळ्या नाही, काही सेलमधूनच घेतो आणि असंच चित्र तयार करतो. बॅलन्स प्लगच्या पिनांमध्ये हिरवट गंज किंवा झाळणीचा राळीसारखा थर असेल तरी गळती होते. स्पिरिटने पुसून, वाळवून पुन्हा बघा.

पतंगवारा

प्लग पूर्ण मोकळा होता. पिना भिंगाखाली बघितल्या, स्वच्छ आहेत.

रनवे_३२

मग गळती सेलच्या आतच आहे, विभाजक पडदा कुठेतरी कमजोर झालाय. भाराखाली ३.७३ दिला म्हणून त्याला सूट देऊ नका. रोध आणि गळती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असा सेल चार्ज होताना आतल्या आत शॉर्ट होण्याची शक्यता असते आणि ते भरलेल्या अवस्थेत झालं तर आग लागते. घ ला पुन्हा ४.२० वर नेऊ नका. आत्ता आहे तिथूनच बल्बला लावा आणि ग बरोबर द्या.